फुटबॉल क्लबच्या ऑफिसातली चूक कशी ओळखावी: एका हिशेबनीसाची पद्धत

आमच्या क्लबचं प्रोसिडिंग बुक माझ्या कपाटात असतं. त्यात काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारची नोंद आहे: ‘कोच बदलण्याचा विषय चर्चेस आला. सर्वानुमते मंजूर.’ संपलं. बैठक पंचवीस मिनिटं चालली होती, त्यातली दहा चहा आणि शेवउसळीत गेली. कोच का बदलला, दुसरं कोण मिळत होतं, जुन्याचे राहिलेले पैसे कुठून द्यायचे, नव्यानं नेमकं काय सुधारणार होतं, यावर एक ओळ नाही. पुढच्या मोसमात आम्ही आणखी खाली घसरलो तेव्हा पुन्हा बैठक बसली. हजर असलेल्या नऊपैकी सात जणांना आपण त्या दिवशी विरोध केला होता असं ठाम आठवत होतं. खजिनदार म्हणून सही माझीही आहे. त्या सातांत मीही होतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात लोकांच्या वह्या लिहितो. आमचं शहर क्रिकेटचं. विजय हजारेंपासून पठाण आणि पंड्या भावंडांपर्यंत नावं घ्यायला लागलात तर संध्याकाळ सरेल. फुटबॉलवाल्यांना इथे कुणी विचारत नाही, आणि गुजरातचा आयएसएल या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगमध्ये संघही नाही. त्यामुळे इथला फुटबॉलवेडा माणूस दुसऱ्याच्या गावचा संघ दत्तक घेतो. कुणी मुंबई सिटी, कुणी गोवा. माझा भाचा लंडनच्या चेल्सीचा. त्याच्याबरोबर रात्री साडेबाराच्या मॅचेस बघताना आणि सकाळी त्याचा संताप ऐकताना माझ्या लक्षात आलं की तो मैदानावरच्या अकरा जणांना शिव्या देतो, पण ज्या खोलीत ते अकरा जण ठरले त्या खोलीकडे बघतच नाही. तिकडे कसं बघायचं ते या लेखात आहे. ज्यांचा जीव एखाद्या मोठ्या क्लबवर आहे त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे गल्लीतल्या क्लबच्या कमिटीवर बसलेत त्यांच्यासाठीही.

फ्रंट ऑफिस म्हटलं की आपल्याकडे हॉटेलचं रिसेप्शन डोळ्यांपुढे येतं. हा शब्द खेळात आला अमेरिकेतून. मालक, सीईओ, खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा स्पोर्टिंग डायरेक्टर, खेळाडू हेरणारे स्काउट, करार लिहिणारे वकील, हे सगळे मिळून फ्रंट ऑफिस. कोच त्यांनी दिलेल्या शिध्यावर स्वयंपाक करतो.

आधी वही घ्या

मोबाइलमधलं ॲप नको, वहीच घ्या. दिवाळीत आमच्या बाजारात चोपडापूजन होतं, तसा लाल पुठ्ठ्याचा चोपडा मिळाला तर उत्तम. त्यात सहा रकाने आखा: तारीख, निर्णय, तो कोणी घेतला, दुसरे पर्याय काय होते, हा निर्णय बरोबर ठरण्यासाठी पुढे काय घडायला हवं, आणि तो कधी तपासायचा.

नियम एकच आहे, पण कडक आहे. निर्णय जाहीर होईल त्याच दिवशी नोंद करायची. निकाल लागल्यावर लिहिलेली नोंद कवडीमोलाची, कारण निकाल माहीत झाला की माणसाची स्मरणशक्ती लबाडी करते. आमच्या त्या नऊ जणांचं काय झालं ते वर सांगितलंच.

पाचवा रकाना सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा. ‘स्ट्रायकर घेतला, चांगला आहे’ असं लिहून काही साधत नाही. ‘डावीकडून क्रॉस आले तरच याचा उपयोग, डावा बॅक जखमी आहे, तो परतायला हवा’ असं लिहा. सहा महिन्यांनी वाचताना निर्णय कुठे मोडला ते याच रकान्यात सापडतं.

निर्णय नेमका कोणाचा?

तिसरा रकाना भरता येत नसेल तर तीच पहिली धोक्याची खूण समजा.

सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले तेव्हा ते लहान होते. कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत. १८८१ च्या शेवटी महाराजांकडे पूर्ण अधिकार आले. कोणत्या साली कोणाचा शब्द शेवटचा, हे बडोद्याच्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. आता हाच प्रश्न तुमच्या क्लबला लावा. मालक म्हणजे महाराज, स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणजे दिवाण, कोच म्हणजे सेनापती. खेळाडू घ्यायचा की नाही, यात शेवटचा शब्द कोणाचा?

मँचेस्टर युनायटेडचं २०२४ हे वर्ष या रकान्यासाठी धड्यासारखं आहे. जुलैमध्ये कोच एरिक टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. त्याच महिन्यात डॅन ॲशवर्थ स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून रुजू झाले. उन्हाळ्यात टेन हाग यांच्या पसंतीचे खेळाडू आले. ऑक्टोबरच्या शेवटी टेन हाग गेले, डिसेंबरात ॲशवर्थही गेले. म्हणजे पाच-सहा महिन्यांत आधी सेनापतीची मुदत वाढवली, मग त्याला काढलं, आणि मग ज्या दिवाणाला आणण्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली त्यालाही निरोप दिला. त्यातला एखादा निर्णय सुटा बघितला तर त्याचं समर्थन करता येईल. तिन्ही एकाच वर्षात एकाच खोलीतून निघाले याचा अर्थ त्या खोलीत शेवटचा शब्द कोणाचा हेच ठरलेलं नव्हतं.

हे बाहेरून कसं ओळखायचं? पत्रकार परिषद ऐका. कोच ‘आम्ही खेळाडू घेतला’ म्हणतो की ‘क्लबनं घेतला’? ‘क्लबनं’ हा शब्द दोन-तीन आठवडे सारखा यायला लागला की समजा, मधे भिंत उभी राहिली आहे. दुसरी खूण एजंटची. एकाच एजंटचे तीन-चार खेळाडू एका मोसमात आले असतील तर यादी कोणी केली हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. आरोप करू नका, नुसता लिहून ठेवा.

पैशाची वाट

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पोट यावर चालतं आणि चाहत्यांना नेमका याचाच कंटाळा येतो.

पहिला आकडा म्हणजे पगार भागिले उत्पन्न. शंभर रुपये आले, त्यातले पगारावर किती गेले? युरोपच्या यूएफा संघटनेनं यावर नियमच केला. खेळाडू आणि कोच यांचे पगार, खेळाडू विकत घेतल्याचा वार्षिक घसारा आणि एजंटची फी ही सगळी बेरीज उत्पन्नाच्या किती टक्के चालेल, याची मर्यादा टप्प्याटप्प्यानं ९०, मग ८०, आणि २०२५-२६ पासून ७० टक्क्यांवर आणली. ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाचे अध्यक्ष लापोर्ता यांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या क्लबचे नुसते पगारच उत्पन्नाच्या १०३ टक्के होते आणि कर्ज सुमारे १३५ कोटी युरो. त्याच महिन्यात मेस्सी रडत रडत निघाला. लोक म्हणाले, करोनानं घात केला. करोनानं दार ढकललं खरं, पण बिजागऱ्या आधीच निखळल्या होत्या. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. यांनी शेजाऱ्याच्या अंथरुणावर पाय टाकले होते.

दुसरी गोष्ट घसारा. तुम्ही दहा लाखांचं मशीन घेतलं आणि ते दहा वर्षं चालेल असं धरलं, तर वहीत दर वर्षी एक लाख खर्च दिसतो, भले पैसे आज गेले असोत. खेळाडूचंही तसंच. खरेदीची किंमत भागिले कराराची वर्षं. एंझो फर्नांडिसला चेल्सीनं जानेवारी २०२३ च्या शेवटच्या दिवशी १० कोटी ६८ लाख पाउंडांना घेतला आणि साडेआठ वर्षांचा करार केला. वर्षाचा घसारा साधारण सव्वा कोटी. हाच करार पाच वर्षांचा असता तर वर्षाला दोन कोटी तेरा लाखांच्या वर गेला असता. वहीत खर्च हलका दिसावा म्हणून करार लांबवला.

भाचा हे ऐकून म्हणाला, “मामा, हे तर घराच्या कर्जाची मुदत वाढवल्यासारखं झालं. हप्ता कमी.”

“बरोबर. पण घर विकता येतं. फॉर्म गेलेला, मोठ्या पगाराचा खेळाडू, ज्याला तो पगार दुसरं कुणी देणार नाही, त्याला कोण घेणार? तो साडेआठ वर्षं तुमच्याच ओसरीवर.”

“मग असं चालू कसं देतात?”

आता तितकं सहज चालू देत नाहीत. यूएफानं २०२३ मध्ये घसारा जास्तीत जास्त पाच वर्षांत मोजायचा असं ठरवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडच्या प्रीमियर लीगनंही. पण हे नव्या करारांना लागू आहे. तुमच्या क्लबनं असा लांब करार केला तर वहीत दोन आकडे लिहा: क्लब दाखवतो तो वार्षिक खर्च, आणि पाच वर्षांत वाटला असता तर झाला असता तो. दोघांत जेवढं अंतर, तेवढी भविष्यावर टाकलेली उधारी.

तिसरी गोष्ट म्हणजे न आलेल्या पैशावर काढलेलं कर्ज. इंग्लंडचा लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोचला होता. त्याच वर्षी क्लबनं पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीवर सहा कोटी पाउंडांचं कर्ज उचललं. गणित असं होतं की दर वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये जाऊ आणि तिथले पैसे हप्ता फेडतील. २००१ मध्ये लीड्सचा चौथा नंबर आला, जागा एका गुणानं हुकली. २००२ मध्ये पाचवा आला. मग एकामागून एक खेळाडू विकायला काढले. रिओ फर्डिनांड मँचेस्टर युनायटेडला गेला तो २००२ मध्येच. २००४ मध्ये संघ खालच्या लीगमध्ये गेला, २००७ मध्ये तिसऱ्या पायरीवर. वहीतला पाचवा रकाना आठवा. तिथे ‘दर वर्षी चॅम्पियन्स लीग’ असं लिहायची वेळ आली तर पेन खाली ठेवून दोन मिनिटं विचार करा. एका गुणावर अवलंबून असलेलं बजेट म्हणजे बजेट नव्हे, लॉटरीचं तिकीट.

आपल्याकडे हिशेब थोडा वेगळा. भारतीय क्लबमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतून फारसं उत्पन्न होत नाही. मालकाच्या खिशातून पैसा येतो आणि त्याचा खिसा आटला की क्लबही आटतो. मराठी माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीत होता. २०१९ मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणींपायी क्लब बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि तिथे हैदराबाद एफसी उभा राहिला. या नव्या क्लबनं मार्च २०२२ मध्ये गोव्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, पगार थकले, परदेशी खेळाडू मधेच निघून गेले, फिफानं नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली आणि संघ सगळ्यात शेवटी राहिला. कप जिंकलेली मोजकी पोरं आणि ज्युनिअर यांच्यावर मोसम निभावला. त्या वर्षी हैदराबादच्या कोचला शिव्या देणाऱ्याला मी एवढंच विचारीन की शिधाच नसेल तर आचाऱ्यानं काय चुलीवर पाणी उकळायचं?

पगार थकल्याची खूण पकडायची कशी? फिफाचा नियम असा की दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी करार मोडू शकतो. त्यामुळे एखादा परदेशी खेळाडू मोसमाच्या मधोमध ‘परस्परसंमतीनं’ गेला अशी बातमी आली तर वहीत लिहा. दुसरा गेला की खाली रेघ मारा. तिसरा गेला तर गुणतक्त्याकडे बघायची गरज नाही.

आणखी खोलात जायचं असेल तर कंपनीची कागदपत्रं बघा. इंग्लंडमधल्या क्लबचे ताळेबंद कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. भारतात कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून मिळतात. क्लबचं नाव टाकून काही हाती लागत नाही, कारण कंपनीचं नाव बहुधा वेगळं असतं. तिकिटाच्या अटींत किंवा संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात ते सापडतं. मग तीन गोष्टी बघा. शेवटचा ताळेबंद वेळेवर भरलाय का? कंपनीच्या मालमत्तेवर कर्जाचा बोजा, म्हणजे चार्ज, नव्यानं नोंदलाय का? एका वर्षात किती संचालकांनी राजीनामे दिले? माझा तीस वर्षांचा अनुभव आहे की धंदा बुडायला लागला की सगळ्यात आधी कागद उशिरा यायला लागतात. नंतर पगार उशिरा होतात. दुकानाचा बोर्ड सगळ्यात शेवटी उतरतो.

संघाचा तक्ता

आलेख-कागद घ्या. उभ्या रांगेत जागा लिहा: गोलकीपर, दोन बॅक, सेंटर बॅक, मिडफिल्ड, विंगर, नऊ नंबर (म्हणजे गोल करणारा स्ट्रायकर). आडव्या रांगेत वय: २१ पर्यंत, २२ ते २५, २६ ते २९, ३० आणि वर. प्रत्येक नाव आपल्या चौकटीत टाका आणि नावाखाली करार संपण्याचं वर्ष. दीड वर्षाच्या आत करार संपत असेल तर लाल पेन. अर्ध्या तासाचं काम आहे, पण क्लबनं उन्हाळ्यात काय केलं आणि काय करायला हवं होतं हे या एका कागदावर दिसतं.

एव्हर्टननं २०१७ च्या उन्हाळ्यात असा कागद केला असता तर? रोमेलू लुकाकू साडेसात कोटी पाउंडांना विकला, म्हणजे नऊ नंबरची चौकट रिकामी. मग घेतले कोण? वेन रूनी, डेव्ही क्लासेन आणि गिल्फी सिगर्डसन. तिघेही स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरच्या जागी खेळायला बघणारे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! लुकाकूच्या तोडीचा गोल करणारा तेवढा घ्यायचा राहून गेला. ऑक्टोबरात कोच रोनाल्ड कूमन यांना घालवलं. तीन दहा नंबर घ्यायची कल्पना त्यांची एकट्याची होती की ऑफिसातल्या दोन-तीन जणांनी आपापला माणूस आणला, हे मला तिथे बसून बघायला आवडलं असतं.

लाल पेनाचा प्रश्न तर आणखी महाग पडतो. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलू शकतो आणि करार संपला की फुकट जातो. पॉल पोग्बा २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून जवळजवळ फुकट युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये त्यालाच युनायटेडनं ८ कोटी ९० लाख पाउंड मोजून परत आणला. २०२२ मध्ये करार संपला आणि तो पुन्हा फुकट गेला. क्लब तोच, खेळाडू तोच, आणि दोन्ही वेळा हाती भोपळा. लेस्टर सिटी २०१६ चा प्रीमियर लीग विजेता. २०२३ मध्ये खाली घसरला तेव्हा टिलेमन्स आणि सोयुंजू दोघेही एका पैशाशिवाय निघून गेले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे झोपाही कुणी केला नाही.

आयएसएलच्या तक्त्यात आणखी एक रंग वापरा, परदेशी खेळाडूंसाठी. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात. ते चार कुठे लावले यावर संघाचा सगळा विचार दिसतो. बहुतेक क्लब गोल करायला परदेशी नऊ नंबर आणतात आणि तिथल्या भारतीय पोराला विंगवर ढकलतात. एकेका क्लबचा हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांनी मिळून तोच घेतल्यावर काय झालं? निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये चाळिसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात परत बोलवावं लागलं.

कोच गेला, नवा आला

कोच काढणं स्वस्त दिसतं. वहीत त्याची किंमत चार भागांत लिहा: जुन्याची भरपाई, नव्याला त्याच्या क्लबकडून सोडवून आणायचे पैसे, सगळ्या सहायकांचे पगार, आणि जुन्या कोचसाठी घेतलेले पण नव्याला नको असलेले खेळाडू. चौथा भाग बातमीत कधी येत नाही आणि बहुधा तोच सगळ्यात मोठा असतो.

चेल्सीनं सप्टेंबर २०२२ मध्ये कोच टुशेल यांना काढलं, ब्रायटनला मोठी रक्कम देऊन पॉटर यांना आणलं, एप्रिल २०२३ मध्ये त्यांनाही काढलं, लॅम्पार्ड यांना तात्पुरतं बसवलं आणि बारावा नंबर मिळवला. टुशेलना हवे असलेले, पॉटरना हवे असलेले आणि ऑफिसला हवे असलेले खेळाडू एकाच ड्रेसिंग रूममध्ये. एक ना धड, भाराभर चिंध्या.

‘नवा कोच आला आणि संघ सुधारला’ ही बातमीही जपून वाचा. कोच काढतात तो लागोपाठ पाच-सहा मॅचेस हरल्यावर, म्हणजे नशीबही तळाला गेलेलं असताना. त्यानंतर तोच कोच असता तरी थोडं बरं झालंच असतं. तपासायचं असेल तर एक्सपेक्टेड गोल हा आकडा बघा, बऱ्याच ॲपवर फुकट मिळतो. संधी किती चांगल्या तयार झाल्या आणि समोरच्याला किती दिल्या, हे तो सांगतो. नवा कोच आल्यावर गुण वाढले, पण हा आकडा तिथेच असेल, तर बदल झालाय तो नशिबात.

खेळाडू वाईट की सौदा वाईट?

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, आणि माझ्या मते ज्याला हे वेगळं काढता आलं त्याला बाकीच्या पायऱ्या नाही जमल्या तरी चालेल.

ऑगस्ट २०१७ मध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोंना बार्सिलोनाहून पॅरिसच्या पीएसजी क्लबला गेला. साधारण तीन आठवड्यांत बार्सिलोनानं उस्मान डेंबेलेला डॉर्टमंडकडून साडेदहा कोटी युरो अधिक बोनस देऊन घेतलं. जानेवारीत लिव्हरपूलकडून कुटिन्योला १२ कोटी अधिक बोनस देऊन. डेंबेले वारंवार जखमी झाला, त्याची वेळ चुकवायची सवय मासिकांचा विषय झाली, आणि २०२३ मध्ये तो निम्म्याहून कमी किमतीत पीएसजीला गेला. लोक म्हणाले, पोरगाच फुकट. त्याच पोरानं २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डिओर पुरस्कार दोन्ही जिंकले. कुटिन्योचं तर असं की बार्सिलोनानं त्याला बायर्नकडे तात्पुरतं दिलं होतं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ हरवलं तेव्हा शेवटचे दोन गोल यानंच मारले.

म्हणजे खेळाडू वाईट नव्हते. सौदा वाईट होता, आणि तो वाईट आहे हे त्याच दिवशी कळण्यासारखं होतं. डेंबेलेच्या वेळी तर बाजार बंद व्हायला थोडे दिवस, खिशात बावीस कोटी असल्याचं सगळ्या जगाला माहीत, आणि चाहत्यांना तातडीनं कुणीतरी दाखवायचं. मंगळबाजारात खिशातली गड्डी दाखवत भाव विचारणाऱ्याला जो भाव मिळतो तोच मिळाला. म्हणून वहीत खरेदी लिहिताना खेळाडूबद्दल एक ओळ आणि परिस्थितीबद्दल तीन ओळी लिहा: घाई कोणाला होती, पैसे आहेत हे समोरच्याला माहीत होतं का, नाही म्हणून उठून जाता आलं असतं का.

उलटही खरं असतं. नीट विचार करून घेतलेला खेळाडू पहिल्याच आठवड्यात गुडघा फोडून बसला तर ते ऑफिसचं पाप नाही. रकान्यात ‘दुखापत’ लिहा आणि पुढे चला.

कमिटीवर बसलेल्यांसाठी

ज्यांच्याकडे साडेआठ वर्षांच्या कराराचा प्रश्नच येत नाही, जे पोलो ग्राउंडवर सकाळी सहाला जाळी बांधतात, त्यांच्यासाठी थोडंच. आमच्या त्या रविवारनंतर आम्ही चार गोष्टी केल्या. विषय आणि त्याची कारणं बैठकीच्या दोन दिवस आधी एका पानावर लिहून सगळ्यांना पाठवायची, व्हॉट्सॲपवर चालतील. बैठकीत एका माणसाला मुद्दाम विरोधी बाजू द्यायची, दर वेळी वेगळ्याला, म्हणजे कोणाशी वाकडं येत नाही. हरलेल्या मॅचनंतर अठ्ठेचाळीस तासांत कोच किंवा खेळाडूबद्दल काही ठरवायचं नाही. आणि कोणाचा मुलगा, पुतण्या, मेव्हणा यांचा विषय असेल तर त्यानं बाहेर जाऊन चहा प्यायचा. शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त कुरबुर झाली. मला वाटतं, त्यामुळेच तो सगळ्यात गरजेचा होता.

प्रोसिडिंग बुकात आता ‘सर्वानुमते’ हा शब्द आला की सेक्रेटरी माझ्याकडे बघतो आणि स्वतःच म्हणतो, “थांबा, कारण लिहितो.”

भाच्यानं त्याची वही ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केली. पहिली नोंद मोइसेस कैसेडोची. ब्रायटननं २०२१ मध्ये सुमारे चाळीस-पंचेचाळीस लाख पाउंडांना आणलेला पोरगा चेल्सीनं दहा कोटी अधिक दीड कोटी बोनस अशा किमतीला घेतला. भाच्यानं पाचव्या रकान्यात लिहिलं होतं: ‘वेडेपणा. एवढ्या पैशात तीन आले असते.’ तपासायची तारीख दोन वर्षांनंतरची. २०२५ च्या जुलैत चेल्सीनं पीएसजीला ३-० हरवून क्लब वर्ल्ड कप जिंकला. कैसेडो तोवर संघाचा कणा झाला होता. दुसऱ्या आठवड्यात भाचा वही घेऊन आला आणि ती ओळ खोडायला लागला.

मी त्याचा हात धरला. “चोपड्यात खाडाखोड करत नाहीत. खाली उलट नोंद टाक.”

“काय लिहू?”

“आज काय वाटतं ते लिही. आणि किंमत जास्त होती का नव्हती, हे अजून लिहू नकोस. करार आठ वर्षांचा आहे.”

त्यानं तारीख टाकली, खाली ‘खेळाडू: चूक माझी’ असं लिहिलं, आणि सौद्याच्या रकान्यात २०३१ असं लिहून वही मिटली.